खर्जाचं खोकं

तालमीची खोली साडेअकरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद होती. हे माप मी टेप लावून नंतर घेतलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की बास गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की खिडकीच्या काचा थडथडतात, आणि तरी माझा सूर मलाच नीट ऐकू येत नाही. जुन्या मराठी गाण्यांचा आमचा वाद्यवृंद. मी खोलीच्या मधोमध उभा, ढोलकीवाले काका भिंतीला पाठ लावून बसलेले, आणि माझा नवा कोरा कॉम्बो कोपऱ्यात सारलेला. दोन गाणी झाली आणि काकांनी हात उचलून सगळ्यांना थांबवलं.

"अरे, तुझा आवाज पोटात लागतोय. कानात येत नाही."

मी 'बास' लिहिलेला नॉब आणखी उजवीकडे फिरवला. काचा आणखी थडथडल्या. काका उठले, माझ्याजवळ येऊन बसले आणि ढोलकीच्या धुमेवर त्यांनी एक हात मारला. मग पुडीवर हातपुसणं टाकून पुन्हा तसाच मारला. घुमारा दोन्ही वेळा होता, पण दुसऱ्या वेळी तो खोलीत कुठून आला ते कळेना.

"पहिल्यांदा चामड्यावर बोटं पडलेली ऐकू आली ना? त्या थापेचं बोट धरून घूम येते. थाप काढून घेतली की उरते नुसती हवा."

या प्रकरणात जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्या हातपुसण्यात होतं. उरलेलं निम्मं मला पुढच्या काही वर्षांत वाचून, विचारून आणि जड खोकी जिन्यावरून चढवून-उतरवून समजलं.

कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. वायर लावली, बटण दाबलं, वाजवायला सुरुवात. दिसायला गिटारचा कॉम्बो आणि बासचा कॉम्बो सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांच्या डोक्यावरचं ओझं सारखं नाही. चार तारांच्या बासची जाड तार मोकळी वाजवली की तिची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ असते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. पाच तारांचा बास असेल तर त्याची खालची तार ३१ हर्ट्झच्या आसपास जाते. ४१ हर्ट्झची एक लहर हवेत सव्वाआठ मीटर लांब असते. आपल्या बहुतेक घरांतल्या कुठल्याच खोलीत ती आडवी झोपू शकत नाही.

आवाज म्हणजे ढकललेली हवा. स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे होतो आणि हवा ढकलतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर त्याच कोनाला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. दोन सप्तकं खाली जायचं तर सोळापट. साध्या गिटारच्या स्पीकरची एवढी धाव नसते. त्यात बास लावून जोरात वाजवला की कोन आपल्या टोकाला जाऊन आपटतो, आणि एक दिवस त्याची गुंडाळी कायमची गप्प होते. घरात हळू आवाजात वाजवायला हरकत नाही, पण तालमीत ढोलकीसमोर तसं करू नये.

त्यातून आपले कान. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की कमी कंपनसंख्येचे सूर कानाला फार कमी लागतात, आणि आवाज जितका लहान तितका हा फरक मोठा. खर्ज आणि मधली पट्टी कानाला सारखीच मोठी वाटायची असेल तर खर्जाला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. गिटारवाल्याला ३० वॅट पुरतात आणि बासवाला १०० वॅट घेऊनही हवालदिल असतो, त्याचं कारण हे आहे.

ही अडचण बास गिटारच्या जन्मापासूनची. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि लगेच, १९५२ मध्ये, त्यासाठी 'बासमन' नावाचा कॉम्बो काढला. त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. दशकाच्या मध्यापर्यंत त्याचे १० इंची चार स्पीकर झाले. पण तो बासला पुरा पडण्याआधीच गिटारवाल्यांनी उचलला, कारण जोर वाढवल्यावर तो ज्या गोडीनं फाटायचा ती त्यांना हवी होती. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प केला तो या बासमनच्याच आराखड्यावरून. रॉक गिटारचा जो आवाज जगभर गेला त्याच्या मुळाशी बाससाठी केलेलं एक खोकं आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

बासचं दुःख खऱ्या अर्थानं मनावर घेतलं ते एव्हरेट हल यांनी. ते उभा, लाकडी डबल बास वाजवणारे. त्या वाद्याच्या तळाला जमिनीवर टेकणारी जी खुंटी असते तिच्यातून त्यांनी आत एक ध्वनिग्राहक बसवला. वर्ष १९४६. इंग्रजीत खुंटीला 'पेग', आणि आवाज वाढवलेली ती 'अ‍ॅम्पेग'. कंपनीचं नाव तिथून आलं. १९६० मध्ये अ‍ॅम्पेगनं जेस ऑलिव्हर यांनी रचलेला पोर्टाफ्लेक्स बी-१५ काढला. अ‍ॅम्प खोक्याच्या झाकणालाच जोडलेला. काम झालं की झाकण उलटं करायचं, अ‍ॅम्पच्या काचेच्या निर्वात नळ्या खोक्याच्या पोटात सुरक्षित. आत १५ इंची एक स्पीकर आणि जेमतेम २५-३० वॅट. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन क्लबांत हा अ‍ॅम्प वाजवत.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दुकानात निराश होणाऱ्या बहुतेकांची निराशा इथूनच सुरू होते. जेमर्सन यांचा रेकॉर्डवरचा बास बहुतेक वेळा अ‍ॅम्पमधून गेलेलाच नाही. मोटाउनच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत बासची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलात जायची. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवत, आणि त्या गाण्यांत बास नुसता ताल धरत नाही, तो गायकाशी बोलतो. तो बोलका, जवळचा आवाज ऐकून आपण कॉम्बो घ्यायला जातो. पण रेकॉर्डवरच्या बासला बाकीच्या वाद्यांमध्ये बसवायला एक माणूस काचेपलीकडे बसलेला असतो. कॉम्बोला तो माणूस नसतो. ते काम वाजवणाऱ्यानं स्वतः करायचं असतं.

१९६९ मध्ये अ‍ॅम्पेगनं एसव्हीटी काढला. ३०० वॅट, १४ नळ्या, आणि १० इंची आठ-आठ स्पीकरची दोन कपाटं. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वाजला. मोठ्या मैदानात खर्ज ऐकू यायचा तर एवढा सरंजाम लागतो हे त्यानं सिद्ध केलं. नुसता अ‍ॅम्प चाळीसएक किलोचा, कपाटं वेगळीच.

तेव्हा प्रश्न असा की एका माणसानं एका हातात उचलण्याजोग्या खोक्यात यातलं किती मावतं?

याचं उत्तर जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नियमात आहे. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हे हॉफमन. लहान खोकं, खोल खर्ज, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज: या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. लहान खोक्यातून खोल खर्ज काढायचा तर कोन जड करावा लागतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती याच कारणानं. वजन वाढलं की सूर खाली येतो. पण जड कोन हलवायला ताकद जास्त लागते आणि तेवढ्याच वॅटमध्ये आवाज कमी मिळतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात साठ आणि सत्तरच्या दशकांत स्पीकर आणि खोकं यांचं गणित इतकं नीट मांडलं की आज प्रत्येक कारखाना त्यांच्याच आकड्यांवर खोकं रचतो. गणित सुधारलं, हॉफमन यांचा नियम मात्र कोणालाही मोडता आलेला नाही. म्हणून कुठल्याही कॉम्बोसमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा की या तिघांपैकी यानं काय सोडलंय. आठ इंची स्पीकर, खोकं मांडीवर मावेल एवढं, आणि पाटीवर मात्र 'खोल बास'? मग आवाजाचा जोर गेलेला असणार.

वॅटच्या आकड्यानं मी स्वतः फसलो आहे. १०० वॅटच्या दुप्पट म्हणजे २०० वॅट, पण आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट, स्पीकरची संवेदनशीलता नावाचा एक आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९३चा स्पीकर आणि ९९चा स्पीकर यांत ६ डेसिबलचं अंतर आहे. ते वॅटनं भरून काढायचं तर चौपट लागतील. २०० वॅटचा एक कॉम्बो दुसऱ्या ५० वॅटच्या कॉम्बोइतकाच वाजू शकतो तो असा. हा आकडा कॉम्बोच्या पाटीवर क्वचितच छापतात. मग कानाचाच आधार.

तरी अंदाज म्हणून सांगतो. घरी सरावाला ८ किंवा १० इंची स्पीकर आणि २५-४० वॅट भरपूर झाले. ढोलकी, तबला, की-बोर्ड आणि एक-दोन गायक अशा तालमीला १२ इंची एक किंवा १० इंची दोन, आणि १००-१५० वॅट. ड्रमसेट आला की मी ३०० वॅटच्या खाली जाणार नाही. मोठ्या आवाजासाठी नव्हे, तर अ‍ॅम्पला दम लागू नये म्हणून. सुराच्या पहिल्या क्षणाला, बोट तार सोडतं तेव्हा, एकदम उसळी येते, आणि त्या उसळीला जागा नसेल तर सूर तोंडातच ठेचला जातो.

'१५ इंची खोल, १० इंची खणखणीत' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. एसव्हीटीच्या कपाटात सगळे १० इंचीच होते, आणि त्याला कोणी पातळ म्हटलेलं नाही. खोक्याचं आकारमान आणि त्याचं भोक कुठल्या सुराला लावलंय यावर खर्जाची खोली ठरते. पुढच्या बाजूला जे गोल किंवा चपटं भोक दिसतं, ते बासरीसारखं एका ठरावीक सुराला लावलेलं असतं. त्या सुरापर्यंत ते कोनाला मदत करतं. त्याच्या खाली गेलं की कोन मोकाट सुटतो: खूप हलतो, आवाज काढत नाही. मोबाइलचा टॉर्च जाळीतून आत मारून बघा. पाच तारांच्या बासची खालची तार वाजवली की लहान कॉम्बोचा कोन फडफडताना दिसतो आणि ऐकू मात्र जेमतेम येतो. सगळे वॅट त्या फडफडीत जळत असतात. म्हणूनच ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाकणारी सोय असलेल्या अ‍ॅम्पवर ती सुरू केली की बास कमी न होता उलट मोकळा आणि मोठा होतो.

वजनाचा विचार लाज न बाळगता करावा. माझा पहिला कॉम्बो तीस किलोंच्या पुढचा होता. आवाज उत्तम. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीला लिफ्ट नव्हती, आणि सहा महिन्यांत मी तालमीला तो नेणंच सोडलं. लोकलच्या मालडब्यात, रिक्षाच्या मागच्या सीटवर, कार्यक्रमानंतर रात्री एक वाजता जिन्यात, हे खोकं तुम्हाला एकट्याला उचलायचं आहे. आता निओडिमियमचे चुंबक आणि क्लास-डी जातीचे अ‍ॅम्प आल्यापासून वजनं खरोखर उतरली आहेत. फेंडरच्या रंबल मालिकेत १२ इंची, १०० वॅटचा कॉम्बो साधारण १० किलोंचा आहे, आणि १० इंची दोन स्पीकरचा ५०० वॅटचा साडेसोळा किलोंच्या आसपास. एसव्हीटी उचलणाऱ्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

त्या ५०० वॅटच्या आकड्यात एक मेख आहे, आणि ती बहुतेक सगळ्याच मोठ्या कॉम्बोंना लागू पडते. पूर्ण ५०० वॅट मिळतात ते बाहेरून आणखी एक स्पीकर जोडल्यावर. एकट्या कॉम्बोत ३५० वॅटच निघतात. आतला स्पीकर ८ ओहमचा. बाहेर ८ ओहमचा दुसरा जोडला की दोघांचे मिळून ४ ओहम होतात आणि अ‍ॅम्प जास्त वीज सोडू शकतो. त्याहून खाली जाऊ नये. अ‍ॅम्पच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. आणि ती जोडणी गिटारच्या वायरनं करू नका, स्पीकरची जाड वायर वापरा. दोन्हींची पिन सारखी दिसते, पण आतली तार वेगळी असते आणि पातळ तार तापते.

बाहेर वाजवायचं असेल तर मागे मिक्सरला थेट वायर देण्याची सोय, ज्याला सगळे डीआय म्हणतात, ती हवीच. सभागृहात श्रोत्यांपर्यंत बास पोचवणं साउंडवाल्याचं काम. कॉम्बो तुमच्यासाठी आणि तुमच्या आजूबाजूच्या दोन-चार वाजवणाऱ्यांसाठी. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते आणि खिशालाही परवडते.

दुकानात जाताना आपला बास न्या. तिथला महागडा बास घेऊन तपासलेला कॉम्बो घरी आल्यावर अनोळखी वाटतो. सगळे नॉब मध्यावर, कसलाही इफेक्ट नाही. तुमचं रोजचं एखादं गाणं वाजवा. दुकानात लोक उगाच वेगवान करामती वाजवतात आणि त्यातून काही कळत नाही. मोकळ्या जाड तारेपासून एकेक फ्रेट चढत बारापर्यंत जा. सगळे सूर सारख्या उंचीचे आहेत का? एखादा उसळतो, एखादा बुडतो? खोक्याची जाळी, पट्टी, हँडल कुठे कुरकुरतं का? मग दुकानदाराला किंवा बरोबरच्या मित्राला वाजवायला लावून स्वतः पंधरा फूट लांब जा. पायाशी ठेवलेल्या कॉम्बोचा वरचा आवाज सरळ पुढे, गुडघ्यांच्या उंचीवरून निघून जातो. खर्ज मात्र सगळीकडे पसरतो. जवळ उभं राहून फक्त घुमारा ऐकू येतो, आणि आपण जे ऐकून नाक मुरडतो ते श्रोत्यांना ऐकू येतच नसतं.

आता लावण्याकडे येतो. इथे घाई करणार नाही.

सुरुवात बोटांपासून. गळ्याजवळ वाजवलं की सूर गोल येतो, पुलाजवळ वाजवलं की कडक. नॉब फिरवण्याआधी हात दोन इंच सरकवून बघा, निम्म्या वेळा काम तिथेच होतं. मग गेन: सर्वांत जोरात वाजवाल तेवढं जोरात वाजवा आणि लाल दिवा अधूनमधून जेमतेम लुकलुकेल इथपर्यंत चढवा. बासमध्ये बॅटरी असेल तर अ‍ॅम्पवरचं 'अ‍ॅक्टिव्ह' बटण दाबा, म्हणजे जोराचा इशारा दाराशीच थोडा दबतो. आवाज किती हवा ते मास्टरनं ठरवा. गेनला आवाजाचा नॉब समजून वापरलं की सूर कधी फाटतो आणि कधी पातळ होतो, आणि का ते कळत नाही.

आता ट्रेबल-मिड-बास. आजकालच्या बहुतेक अ‍ॅम्पवर नॉब मध्यावर म्हणजे काहीही न वाढवलेलं, न घटवलेलं. जुन्या फेंडर घराण्याच्या अ‍ॅम्पवर तसं नाही; तिथे सगळं मध्यावर ठेवलं तर मधली पट्टी खचलेली असते, आणि सरळ आवाज हवा असेल तर मिड पूर्ण चढवून बास-ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणावे लागतात. हे माहीत नसल्यानं कितीतरी चांगले अ‍ॅम्प उगाच बदनाम झाले आहेत.

घरी एकट्यानं वाजवताना सगळे एकच करतात, मीही केलं: बास वर, ट्रेबल वर, मिड खाली. ऐकायला कसं छान लागतं! हळू आवाजात कान खर्ज सोडतो, म्हणून आपण खर्ज वाढवतो. मग तोच मांडलेला आवाज तालमीत नेतो. तिथे खाली ढोलकीची धूम आणि डग्गा, वर झांजा आणि की-बोर्ड. आपण ज्या मधल्या पट्टीत दिसू शकलो असतो ती आपणच रिकामी करून आलेलो असतो. आवाज पोटात लागतो, कानात येत नाही.

फोनवर वडिलांचा आवाज ऐका. साध्या टेलिफोनच्या वाटेवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही जात नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तो फोनमधून आलेलाच नसतो. तरी वडिलांचा आवाज आपल्याला भारदस्तच ऐकू येतो. वरच्या सुरावटी कानाला मिळतात आणि मेंदू त्यांवरून मूळ सूर मांडून घेतो. बासचंही हेच. ४१ हर्ट्झच्या तारेतून ८२, १२३, १६४ असे सूर वर निघत राहतात आणि खर्ज कळतो तो बव्हंशी त्यांच्यामुळे. लहान कॉम्बोही खोल बोलतो, तो या वाटेनं. त्याला ही वाट मोकळी ठेवायला हवी.

म्हणून माझा क्रम असा. आधी बासचा नॉब थोडा खाली, मध्यापासून घड्याळातल्या नऊ-दहाच्या दिशेनं. मग मिड वर. मिडची जागा सरकवायची सोय असेल तर कानाला खटकेल इतकं मिड चढवून ती जागा हळूहळू फिरवायची. २००-३०० हर्ट्झच्या टापूत आवाज गढूळ होतो, घोंगडी पांघरल्यासारखा. ४००च्या आसपास खोक्याचा ठोकळेपणा ऐकू येतो. ७०० ते १००० या टापूत सुराला तोंड फुटतं, शब्द दिल्यासारखं. जिथे सर्वांत वाईट लागतं तिथे कापायचं, आणि मग तोंड फुटतं तिथे थोडं वाढवायचं. २-३ हजारांवर बोटांचा खरखराट आणि तारेची टकटक येते. चामड्यावरची बोटं ती हीच. अगदी काढून टाकू नका. वरची लहान भोंगी असेल आणि सुस्कारा टाकत असेल तर तेवढी कमी करा.

एकट्यानं वाजवताना हे नाकात बोलल्यासारखं लागेल. लागू दे. सगळ्यांबरोबर वाजवलं की ते नाक दिसत नाही, चेहरा दिसतो. आणि काही वेळा उत्तर तुमच्या कॉम्बोत नसतंच. आमच्याकडे गढूळपणा जाईना, तेव्हा शेवटी मी की-बोर्ड वाजवणाऱ्या ताईला म्हटलं, "ताई, डावा हात एक सप्तक वर घेशील का?" तिनं घेतला आणि एका क्षणात खोली उघडली.

खोलीचं म्हणाल तर ती अ‍ॅम्पपेक्षा मोठं वाद्य आहे. साडेअकरा फूट म्हणजे साडेतीन मीटर. ज्या सुराची निम्मी लहर एवढी लांब, तो सूर अशा खोलीत दोन भिंतींमध्ये उभा राहतो आणि फुगतो: ४९ हर्ट्झ, म्हणजे जाड तारेवरचा तिसरा फ्रेट. नऊ फुटांच्या रुंदीत ६२ हर्ट्झच्या जवळचा, सातव्या फ्रेटचा सूर. मधल्या पाचव्या फ्रेटच्या सुराला कोणीच वाली नाही. शिवाय असा उभा राहिलेला सूर भिंतीशी सर्वांत मोठा आणि खोलीच्या मधोमध सर्वांत लहान असतो. त्या दिवशी मी मध्ये उभा होतो, काका भिंतीला टेकून. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी वाढवत होतो, आणि माझं वाढवणं काकांच्या पाठीत जात होतं.

कोपरा हा खर्जाचा कर्णा आहे. जमीन आणि दोन भिंती मिळून खर्ज कितीतरी वाढवतात. पण कॉम्बो भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर मागून परतणारी लहर ८६ हर्ट्झच्या आसपास पुढच्या आवाजाला खाऊन टाकते, आणि बासचं अंग तिथेच असतं. म्हणून कोपरा सोडा, भिंतीजवळ वीतभर अंतरावर ठेवा आणि बासचा नॉब कमी करा. खुर्चीवर किंवा स्टुलावर चढवला तर आणखी बरं. आवाज कानाच्या दिशेनं येतो. नाट्यगृहाच्या लाकडी रंगमंचावर तर ते आवश्यकच. ती पोकळ फळी मोठ्या ढोलासारखी आपल्याबरोबर वाजायला लागते.

गुणगुण येत असेल तर तिचा सूर ओळखता येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बासवरचा तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९. म्हणजे अ‍ॅम्पमधली घरघर जवळजवळ त्याच सुराची असते, किंवा तिच्या वरच्या सप्तकातली. तार सुरात असताना दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला एकदा हेलकावा येतो. तारेवर हात ठेवल्यावर ही घरघर कमी झाली तर बासचं आवरण किंवा वायर तपासा. मिक्सरला जोडल्यावरच सुरू झाली तर डीआयजवळचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा. पण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून घरघर घालवणारे लोक मांडवात भेटतात. त्यांना हात जोडून नाही म्हणा. दुसरीकडे माइक धातूचा, तुमच्या बोटाखाली धातूची तार, आणि पावसाळी मैदान ओलं. यात माणसं गेलेली आहेत.

माझ्या कॉम्बोच्या वर आता कागदी चिकटपट्टीचे तीन तुकडे आहेत, नॉबांच्या रेषेत चिकटवलेले, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा. 'लाकडी स्टेज' लिहिलेल्या पट्टीवर बास दहाच्या जागी आणि मिड दोनच्या. 'मैदान' पट्टीवर बास मध्यावर आहे, कारण मोकळ्यावर भिंती नसतात आणि खर्जाला परत पाठवणारं कोणी नसतं. 'खोली' पट्टीवर बासची खूण नऊच्याही खाली आहे. काचा अजून त्या एका सुराला थडथडतात. तो सूर आला की मी तारेवरचं बोट जरा हलकं ठेवतो.